निर्जन बेट, दरडोई दीड हजार

शनिवारी सकाळी पनवेलच्या पुढच्या कोन गावातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहा, एकांताच्या शोधात निघालेली गर्दी बघायला मिळते. मुंबईची मंडळी पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला पुण्याच्या दिशेनं चाललेली असतात. पुण्याची मंडळी अलिबागच्या किनाऱ्यावर तंबूत राहायला पळस्प्याच्या दिशेनं चाललेली असतात. दोघांच्या गाड्यांच्या टपावर सारख्याच रंगाच्या पिशव्या, दोघांच्या काचांतून बाहेर येणारं गाणंही तेच, आणि दोघांनाही गर्दीचा भयंकर कंटाळा आलेला. कोनकर मधे उभा राहून दोघांना रस्ता सांगतो. त्याला स्वतःला कुठं जायचं नसतं. रस्त्याच्या पलीकडे जायला मिळालं तरी त्याची सहल झाली.

यंदा मात्र धरणाकाठचा तंबू जुना झाला म्हणतात. आता बेट पाहिजे. तेही साधं नको, निर्जन. होडीनं जायचं, वाळूत तंबू ठोकायचा आणि दोन दिवस माणसाचं तोंड बघायचं नाही. माणसाचं तोंड बघायचं नाही म्हणून आधी बारा जणांचा ग्रुप जमवायचा.

जाहिराती मोबाईलवर येऊन आदळतातच. मानवी पाऊल न पडलेला किनारा. तंबूत गादी, उशी, पांघरूण. चार्जिंग पॉइंट. बार्बेक्यूच्या दोन काड्या, त्यापुढच्या काड्यांचे पैसे वेगळे. शेकोटी, म्युझिक, सकाळी पोहे आणि अमर्याद चहा. दरडोई दीड हजार, होडीभाडं निराळं. सगळ्यात खाली, ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांच्यासाठी, संडास सामाईक असल्याची सूचना. जिथं मानवी पाऊल पडलेलं नाही तिथं संडासाला रांग कशी लागते, हे विचारायचं नाही. विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढतात.

भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे बेट दूर असतं ते मधल्या समुद्रामुळे. आमच्याकडे ते वडखळच्या कोंडीमुळे असतं. पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतचा गोवा महामार्ग रुंद करायला घेतला २०११ साली. तेव्हा ज्या पोराचं बारसं झालं, ते आता दहावीच्या क्लासला जातं आणि रस्त्याच्या कामाकडे बघत मोठं झालं म्हणून त्याला सिव्हिल इंजिनियर व्हायचं नाही. मधल्या काळात सरकारनं समुद्रावरून बावीस किलोमीटरचा अटल सेतू बांधून २०२४च्या जानेवारीत मोकळाही केला. अडीचशे रुपये टोल भरला की शिवडीहून समुद्र ओलांडून माणूस पंचवीस मिनिटांत चिर्ल्याला उतरतो. म्हणजे समुद्र ओलांडायचा प्रश्न सुटला. जमीन ओलांडायची तेवढी राहिलीय.

असो. अलिबाग आलं असं धरू. आता बेट कुठलं?

इथं मोठी पंचाईत होते. आपल्या किनाऱ्यावर बेटं पुष्कळ आहेत, पण रिकामं एकही नाही. कुठं किल्ला आहे, कुठं दीपगृह, कुठं देव, कुठं पुरातत्त्व खातं. काही ठिकाणी चौघं एकदम. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीनं जाता येतं, पण होडीवाला तुम्हाला पाऊण-एक तास मोजून देतो. तेवढ्यात तोफ बघायची, तळं बघायचं आणि परत यायचं. मालवणच्या सिंधुदुर्गात तर अजून घरं आहेत. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की तिथं राहणाऱ्यांचा किनाऱ्याशी संबंध दर्याच्या मर्जीवर चालतो. त्यांच्याकडे अनुभव विकायला पुष्कळ आहे, फक्त त्याला पॅकेज कसं म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

मुंबईच्या नाकासमोर घारापुरी आहे. गेटवेहून लाँचनं तासाभराचं अंतर. मुंबईकर तिला मुंबईची समजतात. आहे आमच्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. १९८७ पासून जागतिक वारसा. डोंगर आहे, झाडी आहे, चारी बाजूंना पाणी आहे, चांदणं पडतं. तंबूवाल्याला याहून काय हवं? पण तिथं पर्यटकाला रात्री राहता येत नाही. संध्याकाळची शेवटची बोट सुटली की माकडं आणि गावकरी मागे उरतात. माकडांची नोंद प्रवासवर्णनांत हमखास असते. गावकऱ्यांची नसते.

राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत तिथं. रात्री दक्षिण मुंबईचा सगळा लखलखाट त्यांच्या अंगणातून दिसायचा. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र संध्याकाळी काही तास जनरेटर, नंतर काळोख. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. स्वातंत्र्य मिळून सत्तर वर्षं होऊन गेल्यावर. त्या सत्तर वर्षांत घारापुरीच्या बायांनी कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापल्या, पोरांनी कंदिलाच्या उजेडात पाढे म्हटले, दुखणाईत माणसाला काळोखात होडीत घातलं. त्याचे त्यांना कुणी दीड हजार दिले नाहीत. आता शहरातला माणूस एका रात्रीच्या अंधाराचे पैसे मोजतो, आणि वर चार्जिंग पॉइंट मागतो.

मला या तंबूवाल्यांचं हेच कळत नाही. गैरसोय हवी, पण गादीसकट. अंधार हवा, पण फोटो येईल एवढा उजेड त्यात पाहिजे. बेटावर माणूस नको, पण हाक मारली की पाण्याची बाटली घेऊन कुणीतरी आलं पाहिजे. जो बाटली घेऊन येतो तो या हिशेबात माणूस धरलेला नाही. पहाटे तुमच्या आधी उठून तोच संडासाच्या टाकीत बादलीनं पाणी भरतो, रात्री तुमच्या नंतर झोपतो, आणि तुम्ही घरी जाऊन लिहिता, तिथं कुणीच नव्हतं.

खऱ्या अर्थानं बेटावर मुक्काम कसा ठोकायचा हे बघायचं असेल तर थळच्या समोर खांदेरी आहे. १६७९ साली, ऐन पावसाच्या दिवसांत, मायनाक भंडारी महाराजांच्या हुकमानं माणसं घेऊन तिथं उतरला. पाणी पुरवून वापरायचं, रसद होडीनं यायची, एका अंगाला मुंबईकर इंग्रजांची गलबतं, दुसऱ्या अंगाला सिद्दी, आणि या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तटाचे दगड एकावर एक चढत होते. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांचा एक अधिकारी दारूच्या अमलाखाली होडी रेटत बेटावर उतरायला गेला आणि जिवानिशी गेला, अशी हकिगत इंग्रजांच्याच इतिहासात आहे. पिऊन होडीतून बेटावर उतरायची आपल्या किनाऱ्यावरची ही परंपरा किती जुनी आहे, ते यावरून कळावं. मराठ्यांच्या होड्या बारक्या होत्या, उथळ पाण्यातून आणि वाऱ्याच्या विरुद्ध वल्ह्यांवर निघून जायच्या. इंग्रजांची जहाजं वारा पडला की जागच्या जागी. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली आणि पुढची कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. खांदेरीला १८६७मध्ये दीपगृह आलं, १९९८मध्ये कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं, आणि जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं त्यात हिचंही नाव आलं. कोळ्यांना याची काही गडबड नाही. त्यांचा वेताळ तिथं आधीपासून बसलेला आहे.

तर बेटावर जमत नाही म्हटल्यावर धंदा हुशार असतो. तो बेट तयार करतो. खाडीच्या मुखाशी एखादा वाळूचा पट्टा गाठायचा, जिथं रस्त्यानं जाता येतं पण जायचं नाही. गाडी अलीकडे लावायची, दहा मिनिटं होडीतून फिरवून आणायचं, आणि पलीकडे उतरवायचं. होडीतून उतरलेल्या माणसाला आपण बेटावर आलो असंच वाटतं. मागच्या बाजूनं दुधाची गाडी, अंड्यांचे ट्रे आणि सिलिंडर रस्त्यानं येत असतात, पण तिकडे पाठ करून खुर्च्या मांडलेल्या असतात.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. पौर्णिमा.

पौर्णिमेच्या रात्रीचं बुकिंग आधी भरतं. समुद्र, चांदणं, तंबू. तिन्ही एका फोटोत मावतात. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. तो तिथी विचारतो आणि तिला पाऊणनं गुणतो. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास पुढं धरा. तिथून सहा तास मागे गेलात की ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान, नेमकी तुमची होडी लागते तेव्हा, पाणी पार लांब गेलेलं असतं. आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे जेवढं चढतं तेवढंच उतरतंही. समोर शे-दोनशे मीटरचा सपाट, ओला, आरशासारखा चकचकीत किनारा. माणूस पागल होतो. "एवढ्या मागे कशाला तंबू? थोडा पुढं घे ना, लाटांचा आवाज येईल!"

आवाज येतो. रात्री साडेअकराला उशाशी येतो.

तोपर्यंत जेवण झालेलं, शेकोटी विझत आलेली, गिटारवाल्याला येणारी दोन्ही गाणी संपलेली. काही मंडळी तंबूत घोरत असतात. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाची भरती चार-साडेचार मीटर चढते. सपाट वाळूवर ती धावत नाही, गुपचूप पसरते. आधी चपला तरंगतात. मग बार्बेक्यूचा कोळसा चुर्र करतो. मग एक काका "कुणी पाणी सांडलं रे?" असं विचारत जागे होतात. त्यांचं बरोबर असतं, फक्त सांडणारा कोण हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. पुढचा अर्धा तास समस्त निसर्गप्रेमी गाद्या डोक्यावर घेऊन निसर्गापासून लांब पळत असतात.

अष्टमीला यातलं काही होत नाही. भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. संध्याकाळी सहाला भरलेला समुद्र समोर दिसतो आणि मध्यरात्रीपर्यंत मागं मागं जातो. तंबूसाठी याच्याइतकी शहाणी रात्र नाही. पण अष्टमीचा चंद्र अर्धा. अर्ध्या चंद्राचे कोण पूर्ण पैसे देणार?

भरतीचं हे सरकारलाही ठाऊक आहे. किनारपट्टीच्या २०१९च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन सोयी भरतीरेषेपासून निदान दहा मीटर लांब ठेवायला सांगितलंय. आता भरतीरेषा कुठं असते? कागदावर ती नकाशात असते. वाळूवर ती कचऱ्यात असते. वाळलेलं शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, एकेकटी चप्पल आणि देशी-विदेशी बाटल्या यांची एक वेडीवाकडी ओळ किनाऱ्याला समांतर पडलेली दिसते. मागच्या मोठ्या भरतीची ती सही असते. तिच्या पुढं तंबू ठोकायचा नाही. गंमत म्हणजे जाहिरातीचा फोटो काढायच्या आधी ही ओळ झाडून घेतात.

वाऱ्याचंही तसंच. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शाळेत शिकलो, परीक्षेत दोन मार्कांना लिहिले आणि विसरलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. या दोघांची पाळी बदलते तेव्हा मधे वारा पडतो. तो नेमका दिवेलागणीनंतरचा वेळ, शेकोटीचा. अशा वेळी डास आणि वाळूतले चावरे कीटक यांच्यात आणि तुमच्यात फक्त ओडोमॉस उरतो. नंतर मतलई वारा सुटतो आणि मागच्या संडासाची टाकी कुठल्या बाजूला आहे ते सगळ्यांना समजतं. पहाटे दव पडतं. तंबूच्या आतल्या कापडाला श्वासाचं पाणी लागतं आणि टपटप कपाळावर येतं. हे सगळं सोसून सकाळी माणूस उठतो तो ताजातवाना झालो म्हणतच. पैसे भरलेत. ताजातवाना न होऊन सांगतो कुणाला?

स्पीकरबद्दल काय लिहायचं! समुद्राचा आवाज ऐकायला दीडशे किलोमीटर गाडी हाणायची, त्याच्यासमोर बसायचं आणि त्याला ऐकू येणार नाही इतक्या जोरात स्पीकर लावायचा. तंबू वीस, स्पीकर वीस. प्रत्येकाचा एकांत वेगळ्या गाण्याचा.

तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसात समुद्र जवळ येऊ देत नाही. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारीच बंद असते, मांडव्याच्या लाँचही त्या दिवसांत उभ्या असतात. उन्हाळ्यात तंबूत भाजून निघतं. उरले ते थंडीचे महिने. योगायोग असा की ऑलिव्ह रिडले कासविणीनंही हेच महिने निवडलेत, आणि तिचं बुकिंग तुमच्या आधीचं आहे. ती रात्री भरतीला वर येते, भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू ओढते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. बाहेर आलं की ज्या बाजूला उजेड त्या बाजूला चालायचं, एवढंच त्यांना कळतं. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री उजेड समुद्राच्या बाजूला असतो, म्हणून ती बरोबर पाण्यात जातात. तिथं तुम्ही झालरीसारख्या दिव्यांच्या माळा लावल्या, हॅलोजन लावला, की पिल्लं वळून तुमच्या बुफेकडे येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे लोकांच्या ध्यानात फार आधी आलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२पासून तिथं घरटी राखायला सुरुवात केली, २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला. तिथं जाणारा पाहुणा गावातल्या घरात राहतो, घरातलं जेवतो, सांगितलेल्या वेळी किनाऱ्यावर जातो आणि दोरीच्या मागे उभा राहतो. दोरीच्या मागे! दीड हजार देणारा माणूस दोरीच्या मागे उभा राहील का? त्याला कासवाबरोबर सेल्फी पाहिजे, शक्यतो कासवानं कॅमेऱ्यात बघितलेली.

आमच्या कोनच्या लोकांना या तंबूचं अप्रूप कमी वाटतं, त्याला कारण आहे. आमच्याकडे इमारती आहेत. एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांसाठी बांधून घेतलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. दोन खोल्या जोडून ३२० फुटांचं घर करायचं आणि गिरणी कामगारांना द्यायचं असं ठरलं. डिसेंबर २०१६मध्ये म्हाडानं २४१७ घरांची सोडत काढली. १९८२च्या संपात ज्यांची गिरणी गेली, त्यातल्या काहींना चौतीस वर्षांनी नंबर लागला तो लालबाग-परळात नाही, पनवेलच्या पुढं, कोनला. लागला तर लागला. पण चावी लगेच मिळेल तर ती म्हाडा कसली! वर्षं गेली. २०२०मध्ये कोरोना आला आणि जिल्हा प्रशासनानं त्याच इमारती विलगीकरणासाठी ताब्यात घेतल्या. ज्यांची घरं होती ते चाळीत भाडं भरत होते, ज्यांची नव्हती ते खिडकीच्या गजांतून एक्सप्रेसवेच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. पुढं इमारती परत मिळाल्या तेव्हा दारं-खिडक्या-नळ दुरुस्तीला आले होते. मग दुरुस्ती कुणी करायची, यावर या कार्यालयानं त्या कार्यालयाला पत्रं लिहिली.

तेव्हा माणसांपासून लांब, पाकिटातलं जेवण, बाहेर जायची मनाई, रात्री खिडकीतून फक्त वारा, हा अनुभव कोनला सरकारनं फुकटात दिलेला आहे. कुणी त्याच्या रीळ केल्या नाहीत. आणि ३२० फुटांच्या चावीसाठी म्हातारपणी खेटे घालणाऱ्या माणसासमोर सात बाय सातच्या कापडी घरात एक रात्र काढून आलेल्याचं कौतुक केलं, तर तो विनयानं ऐकून घेतो. गिरणी कामगार शिष्टाचार पाळणारा असतो.

ज्यांना अस्सल बेट हवं त्यांनी २०२४च्या जानेवारीत लक्षद्वीपचा धोशा लावला होता. पंतप्रधान तिथं जाऊन आले, फोटो आले, आणि आठवडाभर सगळ्या ग्रुपांवर मालदीवचा बहिष्कार चालू होता. त्या ग्रुपांतल्या बहुतेकांनी मालदीव नकाशातही पाहिलेलं नव्हतं. लक्षद्वीपला छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती. परवाना लागतो, विमान अगत्तीला उतरतं, नाहीतर कोचीहून जहाजानं रात्र काढावी लागते. तिन्नाकारा बेटावर तंबू आहेत, सरोवरासारखं निळं पाणी आहे, सगळं चित्रात असतं तसंच. फक्त दारू बंगारम सोडून कुठं मिळत नाही. ही माहिती कळली आणि आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपची देशभक्ती नागाव बीचवर येऊन थांबली.

एक गोष्ट मात्र तिरकी लिहिता येत नाही, ती सरळ लिहितो. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ माणसं गेली. बोटीत शंभरावर लोक होते आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर सक्ती झाली, तपासण्या झाल्या. आज खाडीतल्या त्या दहा मिनिटांच्या होडीत काय चालतं ते कुणीही जाऊन बघावं. जॅकेट फळीखाली असतात, ओली, कुबट वासाची. नाखवा सांगतो तेव्हा एकदा गळ्यात अडकवतात आणि होडी हलली की काढतात, कारण त्या नारिंगी रंगात फोटो वाईट येतो. होडीच्या एका अंगाला सगळे एकदम उठून उभे राहतात कारण त्या अंगाला सूर्य बुडतो. नाखवा ओरडतो. त्याचं ओरडणं रीळमध्ये येतं, वर हसणारा चेहरा चिकटवून.

त्या नाखव्याची आणि पौर्णिमेच्या मंडळींची रविवारी सकाळची गाठ बघण्यासारखी असते. पाणी शिरल्यामुळे रात्रभर झोप नाही, कपडे ओले, कुणाचा फोन गेलेला, कुणाची गाडी वाळूत नेली म्हणून रुतलेली. सातला होडी पाहिजे असते. पण पौर्णिमेची पहाटेची ओहोटी साडेपाच-सहाची. सातला पाणी अजून तोंडाशी यायचंय, मधे सगळा चिखल. फोन लागतो.

"नाखवा, सातची बोट ठरली होती ना?"

"पानी चरू दे सायेब. नवाचे सुमाराला येतो."

"अहो पण आमची अकराला मीटिंग आहे!"

"मंग चालत या. गुडघाभर चिकल हाय. कालवं हायत, पाय कापतील, चपला घालून या."

"चपला वाहून गेल्या!"

"कंदी?"

"रात्री साडेअकराला."

नाखवा जरा थांबतो. तिथी आणि पाऊण त्याच्या डोक्यात लागून जातात. "बरोबर हाय," तो म्हणतो, "टायमावरच आलं पानी."

नऊला होडी येते. दुपारी वडखळला अडकल्या अडकल्या मंडळी शेरे लिहायला घेतात, कारण तिथं वेळ भरपूर असतो. जेवणाला चार तारे. पोह्यांना तीन, कांदा कमी. होडीला एक, वेळ पाळत नाही. समुद्राला दोन: रात्री आवाज फार करतो आणि स्टाफला सांगूनही कुणी लक्ष देत नाही.